मलिक अंबर

मलिक अंबर (सु. १५४८ – मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनापती आणि मुख्य कारभारी होता. मूळचा आफ्रिकेतील हबशी गुलाम असलेल्या या पुरुषाने दख्खनच्या राजकारणात सर्वोच्च स्थान मिळवले. इ.स. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला जिंकला, तेव्हा निजामशाही संपली असेच मोगल दरबाराने गृहीत धरले होते. राजधानी, राजा आणि खजिना हे तिन्ही गमावलेले ते राज्य मलिक अंबराने पुढे सव्वीस वर्षे उभे ठेवले. अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या नामांकित सेनापतींना त्याच्याशी झुंजावे लागले. महसुलाची घडी बसवणारा प्रशासक आणि खडकी (पुढील औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) या शहराचा संस्थापक म्हणूनही तो ओळखला जातो.

पूर्वायुष्य

मलिक अंबराचा जन्म आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात असलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच त्याचा उल्लेख ‘अंबर चंपोन’ असा करतो. त्यातही या मूळ नावाचा अवशेष दिसतो. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर आणि पुढे बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदाद येथील मीर कासीम या धन्याने त्याला लिहिण्यावाचण्याचे व हिशेबाचे शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. हिशेबाचे हे शिक्षण त्याच्या पुढील आयुष्यात तलवारीइतकेच उपयोगी पडलेले दिसते.

पुढे तो दख्खनमध्ये विकला गेला. मुर्तजा निजामशाह (पहिला) याचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी आणि पूर्वीचा गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते, असे सांगतात. दख्खनच्या सुलतानशाह्यांत अशा गुलामांना प्रामुख्याने सैनिकी कामासाठी आणले जाई. परक्या मुलखात त्यांचे भाऊबंद नसत, त्यामुळे ते धन्याशीच बांधलेले राहतील असा विश्वास असे. धनी मरण पावल्यावर त्यांतील बरेचजण स्वतंत्र शिपाईगिरी करीत. गुलाम, शिपाई आणि सरदार या पायऱ्या येथे एकाच जिन्याच्या होत्या. मात्र तो जिना शेवटपर्यंत चढणारे थोडेच निघाले.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर (सु. १५७४) अंबर गुलामीतून मुक्त झाला. करीमा नावाच्या स्त्रीशी त्याचा विवाह झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. ‘मलिक’ हा किताब त्याला तेथेच मिळाला. तेथे पुरेसा वाव नाही असे पाहून तो स्वतःचे सुमारे दीडशे घोडेस्वार घेऊन बाहेर पडला आणि १५९५ च्या सुमारास अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली पुन्हा निजामशाहीत रुजू झाला.

अहमदनगरचा पाडाव

या वेळी निजामशाहीत वारसाहक्काचे भांडण पेटले होते. दख्खनी व हबशी सरदार एका बाजूस आणि इराण-तुराणातून आलेले सरदार दुसऱ्या बाजूस, अशी जुनी फूट त्यामागे होती. यातील एका पक्षाने मोगलांना बोलावले आणि १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने अहमदनगरास वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढवला व वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये तह केला. हा तह टिकला नाही. १६०० मध्ये शाहजादा दानियल व खानखानान अब्दुर्रहीम यांनी पुन्हा वेढा घातला. चांदबिबी तिच्याच लोकांकडून मारली गेली, ऑगस्ट महिन्यात किल्ला पडला आणि बालसुलतान बहादूर निजामशाह याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले.

किल्ला पडला तरी मुलूख पडला नव्हता. मोगलांचा अंमल अहमदनगर शहर व आसपासच्या परगण्यांपुरता होता. उरलेल्या प्रदेशात निजामशाही सरदार आपापले ठाणे धरून बसले होते. मलिक अंबराने याच वेळी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्यात निजामशाही घराण्यातील शाह अलीचा मुलगा मुर्तजा (दुसरा) याला गादीवर बसवले. त्याला आपली मुलगी देऊन अंबराने संबंध पक्का केला आणि स्वतः राज्याचा कारभार हाती घेतला.

स्वतः सुलतान होण्याचा प्रयत्न त्याने कधीही केला नाही. गुलामाच्या कुळाला दख्खनच्या सरदारांनी राजा मानले नसते. निजामशाहाच्या नावाने मात्र हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे असे तिन्ही प्रकारचे सरदार एका निशाणाखाली आणता येत होते. ज्या राजाला गादीवर बसवले त्याला दूर करण्यास मात्र तो कचरला नाही. मुर्तजाशी बेबनाव झाल्यावर १६१० मध्ये त्याला विष देऊन मारण्यात आले व त्याच्या लहान मुलास बुऱ्हाण (तिसरा) म्हणून गादीवर बसवण्यात आले. अंबराचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

आरंभीच्या काळात त्याला दोन आघाड्यांवर लढावे लागले. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानाचा मुलगा इरज याने त्याचा पराभव केला. या लढाईत अंबर जखमी झाला आणि त्याच्या हबशी शिपायांनी त्याला रणातून उचलून नेले. दुसरा प्रतिस्पर्धी निजामशाहीतीलच होता. दौलताबाद व नाशिककडील प्रदेश राजू दखनी या सरदाराने बळकावला होता. १६०७ च्या सुमारास अंबराने त्याला पकडून त्याचा मुलूख घेतला आणि राजधानी जुन्नर येथे नेली. पुढे ती दौलताबाद-खडकीकडे हलली.

युद्धपद्धती

मोगल सैन्याचे बळ चिलखती घोडदळ, हत्ती आणि अवजड तोफखान्यात होते. असे सैन्य मोकळ्या मैदानात अजिंक्य ठरे. मात्र त्याला धान्य, दाणागोटा व दारूगोळा बऱ्हाणपूरहून आणावा लागे आणि त्यासाठी खानदेश ओलांडून अजिंठ्याचे घाट चढावे लागत. अंबराने समोरासमोरची लढाई शक्यतो टाळली आणि या वाटेवर हल्ले केले. त्याचे हलके घोडदळ छावणीभोवती घिरट्या घाली, चारा आणावयास गेलेल्या टोळ्या कापी, रसदेचे तांडे लुटी, रात्री बाण व बंदुकांनी छावणीची झोप उडवी. पाऊस सुरू झाला की काळ्या जमिनीच्या चिखलात मोगलांच्या तोफा व हत्ती अडकून पडत. याला समकालीन लोक ‘बर्गीगिरी’ म्हणत. बर्गी म्हणजे बारगीर, हलका घोडेस्वार.

हे युद्ध चालवण्यास मुलखाची खडानखडा माहिती असलेले स्वार हवेत आणि ते मराठे होते. फिंचच्या माहितीनुसार अंबराच्या फौजेत त्याच्या जातीचे सुमारे दहा हजार शूर शिपाई आणि चाळीस हजार दख्खनी होते. या दख्खनी लोकांत मराठ्यांचा मोठा भरणा होता. गनिमी कावा अंबराने मराठ्यांना शिकवला की मराठ्यांकडून तो शिकला, हा वाद मराठी इतिहासलेखनात जुना आहे. छापे घालण्याची रीत डोंगराळ मुलखात त्याच्या आधीपासून होती. मराठे देशमुख व शिलेदार ती जाणत होते. अंबराने तिला एका राज्याच्या संरक्षणाचे मुख्य साधन बनवले, ठरलेल्या बेताने व अनेक वर्षे ती राबवली, आणि मराठा स्वारांच्या एका पिढीला मोगलांना हरवता येते याचा अनुभव दिला. वादाचा निकाल कसाही लागला, तरी एवढे मान्य करण्यास अडचण नसावी.

मोगलांशी संघर्ष (१६०८–१६२१)

जहांगीर गादीवर आल्यावर त्याने दख्खनची मोहीम पुन्हा खानखानानाकडे सोपवली. खानखानान पावसाळ्यात बालाघाटावर चढून आला. अंबराने त्याची रसद तोडली. माणसे व जनावरे उपाशी मरू लागली आणि मानहानीकारक तह करून त्याला बऱ्हाणपूरला परतावे लागले. त्यानंतर १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लेदार ख्वाजा बेग मिर्झा याने अभय घेऊन किल्ला खाली केला. दहा वर्षांनी निजामशाहीचे निशाण पुन्हा अहमदनगरच्या तटावर चढले.

लगेच पुढची स्वारी आली. गुजरातेतून अब्दुल्लाखान नाशिकमार्गे आणि वऱ्हाड-खानदेशाकडून राजा मानसिंग, खानजहान लोदी आदी सेनापती, अशा दोन फौजांनी दौलताबादजवळ एकत्र यावयाचे ठरले होते. अब्दुल्लाखान यशाच्या हव्यासाने एकटाच पुढे घुसला. अंबराने त्याला आत येऊ दिले आणि मग रात्रंदिवस त्याचे लचके तोडले. अलीमर्दान बहादूर हा शूर मोगल सरदार जखमी होऊन पकडला गेला व दौलताबादेस मरण पावला. अब्दुल्लाखान बागलाणमार्गे गुजरातेत पळाला. ही बातमी ऐकून दुसरी फौज वाटेतूनच मागे फिरली.

या यशाचा कच्चा दुवा १६१६ मध्ये उघड झाला. निजामशाहीचे काही मराठा व हबशी सरदार अंबरावर नाराज होऊन मोगलांकडे गेले. त्यांच्या मदतीने शाहनवाझखान (पूर्वीचा इरज) बालाघाटात उतरला आणि फेब्रुवारीत आजच्या जालना जिल्ह्यातील रोशनगाव येथे लढाई झाली. मध्ये चिखलाचा ओहोळ होता. अंबराचे स्वार त्यात अडकले, त्यांच्यावर मोगलांच्या बाणांचा व गोळ्यांचा मारा झाला आणि फौज उधळली. मोगलांनी खडकी लुटून जाळली. मुलखातले वाटाडे शत्रूकडे गेले की अंबराची पद्धत निकामी होते, हे या लढाईत दिसून आले.

पुढील वर्षी शाहजादा खुर्रम (शाहजहान) मोठ्या फौजेनिशी बऱ्हाणपूरला आला. विजापूरच्या इब्राहीम आदिलशाहाच्या मध्यस्थीने १६१७ मध्ये तह झाला. बालाघाटातील मोगलांचा मुलूख आणि अहमदनगर किल्ल्याच्या किल्ल्या अंबराला परत द्याव्या लागल्या. शाहजहान उत्तरेकडे गुंतला आहे असे पाहून १६२० मध्ये त्याने तह मोडला. मोगल ठाणी एकामागून एक उठली आणि अहमदनगरला वेढा पडला. पण किल्लेदार खंजरखानाने किल्ला सोडला नाही. १६२१ मध्ये शाहजहान पुन्हा आला, खडकीचा दुसऱ्यांदा विध्वंस झाला आणि दख्खनच्या तिन्ही राज्यांनी मिळून ५० लाखांची खंडणी मान्य केली. त्यांतील १२ लाख निजामशाहीचे, १८ लाख विजापूरचे व २० लाख गोवळकोंड्याचे होते.

भातवडीची लढाई (१६२४)

अंबराच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा विजय अहमदनगरपासून अवघ्या काही कोसांवर मिळाला. भातवडी म्हणजे आजच्या नगर तालुक्यातील भातोडी. मुर्तजा निजामशाहाचा (पहिला) मंत्री सलाबतखान याच्या काळचा तलाव या गावी आहे.

शाहजहानने बापाविरुद्ध बंड केल्यामुळे मोगल सेनापती महाबतखान त्याच्या पाठलागात गुंतला होता. दख्खन सोडण्यापूर्वी कोणाशी सख्य करावे, हा त्याच्यापुढे प्रश्न होता. अंबर व आदिलशाह दोघेही मोगलांची मैत्री मागत होते. महाबतखानाने आदिलशाहाला पसंत केले. त्यानुसार मुल्ला मुहम्मद लारी पाच हजार विजापुरी स्वार घेऊन बऱ्हाणपूरला गेला. विजापूरची मुख्य फौज दूर गेल्याचे पाहून अंबराने गोवळकोंड्याच्या सरहद्दीवर थकलेली रक्कम वसूल केली, बिदरकडे विजापुरी सैन्य उधळले आणि तो थेट विजापुरावर चालून गेला. आदिलशाहाने घाईने मुल्ला मुहम्मदाला परत बोलावले. त्याच्याबरोबर लष्करखानाच्या हाताखाली मोगल फौजही आली.

दोन राज्यांचे एकत्र सैन्य अंगावर येताच अंबर आपल्या मुलखात मागे हटला व भातवडीस येऊन थांबला. जागा त्याने विचारपूर्वक निवडली होती. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेवर पाणी सोडले. पावसाने आधीच भिजलेली जमीन चिखल झाली आणि शत्रूच्या तोफा व हत्ती जागीच खिळले. छावणीत धान्याचा तुटवडा पडला. रोज रात्री छापे पडू लागले. उपासमारीला कंटाळून विजापुरी शिपाई अंबराच्या छावणीत येऊ लागले आणि त्याने त्यांना आदराने ठेवून घेतले. शत्रू पुरेसा खिळखिळा झाल्यावर अंबराने निकराचा हल्ला चढवला. मुल्ला मुहम्मद मारला गेला, विजापुरी फौज फुटली आणि तिच्या पाठोपाठ मोगलही. लष्करखानासह अनेक सरदार कैद झाले. खंजरखान निसटून अहमदनगरच्या किल्ल्यात शिरला व जानसिपारखान बीडला पळाला.

या लढाईत निजामशाहीच्या बाजूने भोसले घराण्यातील वीर लढले. त्यांत शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी होते. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने ही मुले झाली, म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजी या लढाईत धारातीर्थी पडले. भातोडी येथे त्यांची समाधी आहे. शत्रूपक्षातही मराठे होतेच. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या वेळी मोगलांकडे होते.

विजयानंतर अंबराने अहमदनगरला पुन्हा वेढा घातला. किल्ला दाद देईना, तेव्हा थोडी फौज तेथे ठेवून तो विजापूरवर गेला, नवरसपूर उद्ध्वस्त केले आणि सोलापूरचा किल्ला घेतला. अहमदनगरचा किल्ला मात्र त्याला पुन्हा मिळाला नाही. ज्या शहराच्या नावाने राज्य ओळखले जाई ते सव्वीस वर्षांपैकी जेमतेम सात वर्षे त्याच्या ताब्यात राहिले.

महसूल व्यवस्था

सततच्या लढायांना पैसा हवा होता आणि मुलूख तर वारंवार जाळपोळीत सापडे. अंबराने जमीन महसुलाची मक्त्याने वसुली करण्याची पद्धत बंद केली. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरून रयतेकडून हवे ते उकळीत असे. त्याऐवजी तोडरमलाच्या पद्धतीच्या धर्तीवर जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवण्यात आला. आरंभी पिकाचा सुमारे दोन पंचमांश भाग धान्यरूपाने घेत; पुढे त्याचे रोखीत रूपांतर झाले आणि हे प्रमाण उत्पन्नाच्या किमतीच्या सुमारे एक तृतीयांश पडे. वसुलीचे काम बहुतांशी ब्राह्मण कारकुनांकडे असून देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांची असे. पाटील-कुलकर्णी या गावकामगारांची विस्कटलेली घडी पुन्हा बसवण्यात आली व मिरासदारांचे जमिनीवरील हक्क मान्य करण्यात आले. ‘मलिकंबरी’ या नावाने ही पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ स्मरणात राहिली. शिवकालीन महसूल व्यवस्थेचा विचारही तिला वगळून करता येत नाही.

खडकी

दौलताबादजवळील खडकी या गावी अंबराने १६१० च्या सुमारास नवे शहर वसवले. डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालील नळांनी शहरात आणणारी ‘नहर-ए-अंबरी’ ही त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी. भडकल दरवाजाही त्याच्याच काळातील मानला जातो. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले आणि पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले.

समकालीनांच्या नजरेतून

अंबराविषयीची बरीच माहिती त्याच्या शत्रूंनी लिहून ठेवलेली आहे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचे नाव शिवीवाचून क्वचितच घेतो. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात, भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकावर जहांगीर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात या दोघांची रणांगणावर गाठ कधीच पडली नाही. याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान मात्र अंबराच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकला, सेनापतित्व व कारभार यांत त्याला तोड नव्हती, अशी मोकळी कबुली देतो. १६१७ मध्ये सुरतेहून मच्छलीपट्टणकडे जमिनीवरून निघालेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक त्याला छावणीत भेटला होता. त्याने उंच, धिप्पाड देहाच्या आणि करारी चेहऱ्याच्या अंबराचे वर्णन करून त्याच्या मुलखातील कडक शिस्तीची वाखाणणी केली आहे.

मृत्यू व निजामशाहीची अखेर

भातवडीनंतर अंबराची मराठा सरदारांवरील पकड सैल झाली. विजयाचे श्रेय व मानपान यांवरून वितुष्ट येऊन शहाजीराजे १६२५ च्या सुमारास आदिलशाहीत गेले. भोसले कुळाच्या वाढत्या वजनाचा अंबराला मत्सर वाटला, असे परमानंदाच्या ‘शिवभारता’त सूचित केले आहे. तो ग्रंथ भोसल्यांच्या आश्रयाने लिहिला गेला, हे लक्षात घेऊनच या विधानाचे वजन ठरवावे लागेल.

मे १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना, मलिक अंबर मरण पावला. कारभार फतेहखानाकडे आला. बापाची धोरणी वृत्ती त्याच्याकडे नव्हती. त्याने बुऱ्हाण निजामशाहाला ठार मारले, कधी मोगलांशी तर कधी विजापूरशी संधान बांधले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. त्यानंतर शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवून तीन वर्षे राज्य चालवले. परांड्यास अंबराने केले होते तेच त्यांनी येथे केले. १६३६ मध्ये माहुली किल्ल्यावर त्यांना शाहजहानच्या फौजेशी तह करावा लागला आणि निजामशाही संपली.

मलिक अंबराची कबर खुलदाबाद येथे जरजरीबक्ष दर्ग्याच्या परिसराजवळ आहे. काळ्या दगडाची ही घुमटाची इमारत त्याने हयातीतच बांधवून घेतली, असे मानतात. जवळच त्याची पत्नी करीमा हिची कबर आहे.